शर्यतीआधी दंडाला पट्टा: रक्तप्रवाह रोखण्याची पद्धत सुरक्षितपणे कशी आजमावावी

कोकणातली बरीच मुलं विहिरीत, नदीच्या कोंडीत किंवा खाडीच्या तोंडाशी पोहायला शिकतात आणि डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवरच्या राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेत पहिल्यांदा मोठ्या गर्दीत उतरतात. तिथे किंवा पुण्याला बालेवाडीच्या तलावावर गेलं की कुणीतरी शर्यतीआधी दंडाला बीपीचा पट्टा बांधून बसलेला दिसतो. घरी आल्यावर तोच प्रकार सायकलच्या ट्यूबने करून बघायचा मोह होतो. तो मोह टाळा आणि आधी हा लेख पूर्ण वाचा.

या पद्धतीचं नाव इस्केमिक प्रीकंडिशनिंग. हाताचा किंवा पायाचा रक्तपुरवठा ठरावीक मिनिटं पूर्ण बंद करायचा, मग तितकीच मिनिटं सोडायचा आणि हे तीन-चार वेळा करायचं. या वेळात व्यायाम करायचा नाही, नुसतं पडून राहायचं. जिममध्ये पट्टे बांधून हलकी वजनं उचलतात तो प्रकार वेगळा. त्यात रक्त अर्धवट अडवतात आणि हेतू स्नायू वाढवण्याचा असतो. दोन्हींचे दाब आणि वेळा वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नका.

## १. मिळतं किती, ते आधी समजून घ्या

मूळ शोध हृदयाचा आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी पाच-पाच मिनिटं चार वेळा बंद-चालू केली आणि मग ती ४० मिनिटं बंद ठेवली. ही आधीची तयारी झालेल्या हृदयांचं नुकसान तयारी न झालेल्यांच्या साधारण चौथा भागच झालं. पुढे असं दिसलं की दंडाचा रक्तपुरवठा असा थांबवला तरी लांबच्या अवयवांना त्याचा फायदा पोचतो. म्हणून खेळाडूंवर प्रयोग सुरू झाले.

पोहण्यातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग २०११ चा, टोरांटोतला. कसलेल्या जलतरणपटूंच्या दंडाला पाच मिनिटं दाब आणि पाच मिनिटं मोकळं, असं चार वेळा केलं. १०० मीटरची वेळ सरासरी ०.७ सेकंदाने, म्हणजे सुमारे एक टक्क्याने सुधारली. २०१७ मध्ये ब्राझीलमध्ये ५० मीटरवर वेळेचा मुद्दा तपासला. पट्टा सोडल्यावर एका तासाने फरक दिसला नाही. दोन तासांनी साधारण एक टक्का आणि आठ तासांनी त्याहून किंचित जास्त सुधारणा दिसली.

आता दुसरी बाजू. ब्राझीलमध्येच २०१५ मध्ये हौशी जलतरणपटूंना १०० मीटर पोहायला लावलं. काहींचा पट्टा खरा आवळला, काहींचा नुसता नावापुरता. दोन्ही प्रकारांत वेळ सुधारली. २०१६ मध्ये ५० मीटरच्या सलग फेऱ्यांवर झालेल्या प्रयोगातही नावापुरत्या पट्ट्याने जवळपास तेवढाच फायदा दिला. म्हणजे यातला काही भाग ‘आपण काहीतरी केलंय’ या विश्वासाचा आहे. तो नक्की किती, यावर अजून वाद आहे.

त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे. १०० मीटर १ मिनिट १० सेकंदात पोहणाऱ्याला एक टक्का म्हणजे ०.७ सेकंद. उडी मारल्यावर हात कानाशी घट्ट न ठेवणारा आणि वळणावर भिंतीला नीट पाय न देणारा पोहणारा तेवढा वेळ तिथेच घालवतो. आधी ते सुधारा. समुद्रात तर हिशोब आणखी उघड आहे. ताशी ४ किलोमीटरने पोहणारा ५ किलोमीटर ७५ मिनिटांत पूर्ण करतो. पाण्याचा ताशी अर्धा किलोमीटर वेगाचा ओढा समोरून आला की त्यालाच ८६ मिनिटं लागतात. पट्ट्याचा एक टक्का समुद्रातही मिळतो असं धरलं तरी तो ४५ सेकंदांचा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचता येत नसेल तर पट्ट्याच्या नादी लागूच नका.

ज्याच्या वेळा गेल्या दोन-तीन महिन्यांत स्थिरावल्या आहेत, वय १८ च्या वर आहे आणि पुढची शर्यत किमान सहा आठवडे लांब आहे, त्याच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

## २. डॉक्टरांकडे जा आणि या गोष्टी तोंडाने सांगा

सागरी स्पर्धेला वैद्यकीय दाखला लागतोच. त्याच भेटीत पट्ट्याचं विचारा. ‘फिट आहे ना’ एवढंच विचारलं तर डॉक्टर पोहण्यापुरतं तपासून सही करतील. ‘दंडाचा रक्तपुरवठा पाच मिनिटं पूर्ण बंद करणार आहे, असं चार वेळा,’ असं सरळ सांगा.

खालीलपैकी काहीही असेल तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही:

- स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला रक्ताची गुठळी झालेली
- सिकलसेल, वाहक असलात तरी
- उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू
- गरोदरपण
- त्या हातावर नुकती शस्त्रक्रिया, फ्रॅक्चर, उघडी जखम किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या
- गेल्या महिनाभरात डेंग्यू किंवा कारण न कळलेला ताप

सिकलसेलचं जरा सविस्तर सांगायला हवं. या आजारात रक्तातला प्राणवायू घटला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. पट्टा नेमकं तेच करतो, प्राणवायू घटवतो. पालघर आणि रायगडच्या आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्या चांगल्या जलतरणपटूंनी आधी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी आरोग्य केंद्रांमार्फत होते. तब्येत ठणठणीत असलेल्यालाही आपण वाहक आहोत हे माहीत नसतं.

डेंग्यूचंही तसंच. पावसाळा संपता संपता आपल्याकडे डेंग्यूची साथ असते आणि स्पर्धांचा हंगाम लगेच पुढे येतो. प्लेटलेट कमी असताना दंड आवळला तर त्वचेखाली रक्ताचे ठिपके येतात. पूर्वापार डेंग्यूच्या तपासणीत डॉक्टर मुद्दाम पट्टा बांधून हेच ठिपके मोजत आलेले आहेत.

## ३. सामान

साधं, हाताने फुगवायचं बीपीचं यंत्र. गोल डायल, रबरी फुगा आणि हवा सोडायचा स्क्रू असलेलं. घरोघरी असतं ते बटणाचं डिजिटल यंत्र इथे चालत नाही, कारण ते मोजमाप झालं की आपोआप हवा सोडतं आणि दाब पाच मिनिटं धरून ठेवत नाही. मात्र बीपी मोजायला ते वापरा.

दंडाच्या मापाचा पट्टा. दंडाच्या मध्यावर टेपने घेर मोजा. २७ ते ३४ सेंटिमीटरला नेहमीचा मोठ्या माणसाचा पट्टा, ३५ च्या वर मोठा. फुलपाखरू पोहणाऱ्या मुलांचे दंड बऱ्याचदा मोठ्या पट्ट्यात जातात. अरुंद पट्ट्याला रक्त थांबवायला जास्त दाब लागतो आणि तो जास्तीचा दाब सगळा नसेवर, म्हणजे मज्जातंतूवर, येतो. सायकलची ट्यूब, इलॅस्टिक, दोरी, कापडाची पट्टी यांतलं काहीही नको. त्यांना डायल नसतो, त्यामुळे दाब १०० आहे की ४०० हे कुणालाच कळत नाही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कोविडच्या काळात घेतलेला चालेल. आधी नवे सेल घाला.

घड्याळ, वही आणि एक जागा माणूस. एकट्याने हे कधीच करायचं नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक खास सूचना. खाऱ्या हवेने डायलची सुई आणि पितळी स्क्रू महिन्या-दोन महिन्यांत जड होतो, आणि वेल्क्रोत वाळू गेली की पट्टा १२० च्या पुढे तडतडत सुटतो. वापरण्याआधी रोज तीन गोष्टी बघा. हवा नसताना सुई बरोबर शून्यावर आहे का? पट्टा पाण्याच्या बाटलीला गुंडाळून २०० पर्यंत फुगवला तर मिनिटभरात सुई किती खाली येते? दहाच्या वर उतरली तर रबर गळतंय, बदला. स्क्रू अर्धा फिरवल्यावर हवा झटकन सुटते का? अडकलेला स्क्रू ही या सगळ्यातली सर्वांत वाईट वेळ असते. तसं झालं तर वेल्क्रो ओढून पट्टाच उघडा. यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वेल्क्रो जुन्या टूथब्रशने साफ करा.

## ४. तुमचा दाब शोधा

१. पाच मिनिटं शांत बसा आणि बीपी मोजा. समजा ११८/७६ आलं.

२. पाठीवर झोपा, हात छातीच्या उंचीला उशीवर. डाव्या दंडाला पट्टा बांधा, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. कोपराच्या आतल्या बाजूला नस हाडावरून उघडी जाते, तिच्यावर पट्टा यायला नको. अंगाला तेल, व्हॅसलीन किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर ते पुसा, नाहीतर पट्टा कोपराकडे सरकतो.

३. त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा आणि मनगटावर अंगठ्याच्या बाजूची नाडी धरायला सोबत्याला सांगा.

४. हळूहळू फुगवा. ज्या आकड्यावर नाडी लागेनाशी होते आणि ऑक्सिमीटरची लाट सपाट होते तो आकडा लिहा. समजा १२२.

५. त्यात २० मिळवा. १४२, म्हणजे १४५ धरा. हा तुमचा कामाचा दाब. दुखायला लागलं की बीपी थोडं चढतं, म्हणून ही वरची भर.

दंडासाठी हा आकडा २०० च्या वर जात असेल तर पट्टा लहान आहे किंवा सैल बांधलाय. दाब वाढवत बसू नका, पट्टा बदला.

मांडीवर करायचं असेल तर फिजिओथेरपिस्टशिवाय नको. मांडीला वेगळा मोठा पट्टा लागतो, दाब बराच जास्त लागतो आणि पायाच्या पंजावरची नाडी नवख्याला सापडत नाही. टोरांटोचा प्रयोग दंडावरच झाला होता, त्यामुळे दंडावर करून काही कमी पडत नाही.

## ५. एक फेरी, मिनिटामिनिटाने

फुगवताना रेंगाळू नका. चार-पाच सेकंदांत थेट १४५ वर जा. सर्वांत जास्त चुका इथे होतात. सुई ७६ आणि ११८ च्या मध्ये राहिली तर रक्त आत येत राहतं आणि परत जात नाही, कारण शिरा बंद आणि धमनी उघडी. हात निळसर-जांभळा होतो, फुगतो, बोटं टम्म होतात, कधी बारीक लाल ठिपके उठतात. नवखे याला ‘चांगलं आवळलंय’ समजतात. बरोबर बांधलेला हात उलट फिका पडतो.

पहिलं मिनिट नुसता दाब जाणवतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला बोटांना मुंग्या येतात आणि हात गार वाटतो. चौथ्या मिनिटाला तळहात जड आणि अर्धवट बधिर होतो. हे सगळं अपेक्षित आहे. सुई थोडी उतरली तर सोबत्याने फुग्याला एक-दोन दाब देऊन १४५ वर आणायची.

पाच मिनिटं झाली की स्क्रू पूर्ण उघडा आणि सुई शून्यावर येऊ द्या. पट्ट्यात २०-३० चा दाब उरला तर शिरा मोकळ्या होत नाहीत. काही सेकंदांत हात लालसर आणि गरम होतो, मुंग्या एकदम वाढतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत जातात. ऑक्सिमीटरची लाट परत दिसली पाहिजे. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे.

पाच मिनिटं मोकळं ठेवून पुढची फेरी. अशा चार.

लगेच सोडायचं, पुन्हा त्या दिवशी करायचं नाही, अशी लक्षणं: सुई टोचल्यासारखी तीव्र कळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, घाम फुटणं, त्वचेवर ठिपके, किंवा मोकळं करून पाच मिनिटं झाली तरी न गेलेला बधिरपणा.

पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या करा, दोन दिवसांनी तीन, मग चार. हा सराव शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा करणं ही दुसरी मोठी चूक.

## ६. तुमच्यावर काम करतं का, ते मोजा

समुद्रात मोजता येत नाही. लाट आणि ओढा एक टक्का कधीच गिळून टाकतात. तलावच हवा, आणि तो दर वेळी तोच.

चार आठवड्यांत सहा वेळा १०० मीटर पूर्ण जोराने पोहा. तीन वेळा खऱ्या दाबाने, तीन वेळा २० च्या नावापुरत्या दाबाने. क्रम सोबत्याने चिठ्ठ्या टाकून ठरवावा. फरक तुम्हाला हातात कळेलच, म्हणून ‘कुठला दाब जास्त कामाचा ते बघतोय’ एवढंच डोक्यात ठेवा. दर वेळी तोच वार्मअप, तीच वेळ, आदल्या दिवशी हलका सराव आणि पुरेशी झोप. दोन माणसांनी दोन स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची आणि सरासरी लिहायची, कारण हाताने घेतलेल्या वेळेत ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात.

खऱ्या दाबाच्या तिन्ही वेळा नावापुरत्या दाबाच्या तिन्ही वेळांपेक्षा चांगल्या आल्या तर पुढे जा. सरमिसळ झाली तर तुमच्या रोजच्या चढउतारापेक्षा पट्ट्याचा फायदा मोठा नाही. मग ४० मिनिटं पट्ट्यात घालवण्याऐवजी झोपेत घाला.

## ७. शर्यतीच्या दिवसाचं वेळापत्रक

समजा शर्यत सकाळी ९ ला आहे.

- ५:३० उठणं, पाणी, हलका नाश्ता
- ६:०५ बीपी मोजणं, पट्टा बांधणं
- ६:१५–६:२० पहिली फेरी
- ६:२५–६:३० दुसरी
- ६:३५–६:४० तिसरी
- ६:४५–६:५० चौथी, पट्टा काढून डब्यात
- ७:४५ वार्मअप
- ८:४० हजेरी

शेवटचा दाब आणि शर्यत यांत दोन तासांचं अंतर मुद्दाम ठेवलं आहे. दुपारी अंतिम फेरी असेल तर सकाळचंच पुरतं, मध्ये पुन्हा बांधू नका. उलट पहाटे ७ ची शर्यत असेल तर त्यासाठी ३:३० ला उठू नका. गेलेली झोप पट्ट्याने भरून निघत नाही.

समुद्राच्या शर्यतीत दंडावर मार्करने नंबर टाकतात आणि काखेत, मानेला व्हॅसलीन लावतात. पट्टा या दोन्हींच्या आधी. हे सगळं खोलीवर, पंख्याखाली करा, वाळूत उन्हात नको. आदल्या दिवशी किंवा वार्मअपला त्या हातावर जेलीफिशचा डंख लागला असेल तर पट्टा रद्द.

रात्रभर एसटीने किंवा कोकण रेल्वेने बसून आला असाल तर आधी अर्धा तास चाला, दोन-तीन ग्लास पाणी प्या. एका पोटरीला सूज किंवा दुखरा कडकपणा असेल तर पट्टा सोडाच, आधी डॉक्टरांना दाखवा. लांब प्रवासात पायात गुठळी होऊ शकते.

नियमांचं म्हणाल तर ही पद्धत वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नाही. पाण्यात मात्र पट्टा किंवा वेग वाढवणारं कुठलंही साधन बांधून उतरता येत नाही. पंचांनी विचारलं तर लपवू नका, डॉक्टरांची चिठ्ठी पिशवीत ठेवा.

## ८. शर्यतीनंतर

वहीत पाच गोष्टी लिहा: दाब, फेऱ्या, शेवटचा पट्टा किती वाजता सुटला, वेळ, आणि पाण्याची स्थिती. दोन हंगाम असं लिहिलंत तर हे चालू ठेवायचं का, ते त्या वहीतच दिसेल.

पुढचे २४ तास हात बघत राहा. पट्ट्याच्या जागी फिकट वळ राहिला तर काळजी नाही, संध्याकाळपर्यंत जातो. हात सुजला, दंड किंवा काख दुखायला लागली, त्वचा निळसर झाली, करंगळी-अनामिका बधिर राहिली किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि पहिलंच वाक्य हे सांगा की दंडाला इतक्या दाबाने, इतकी मिनिटं पट्टा बांधला होता. पोहून हात भरून आलाय असं समजून डॉक्टर बाम देऊन पाठवतील, म्हणून वहीचं ते पान सोबत न्या.